जीप कोणी नेली

लांजी
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय भोजराज,
सप्रेम जय भीम.

तू मुका आणि मी बहिरा, म्हणून टपाल खात्याचं बरं चाललंय. आमच्या मोहल्ल्यात पत्र टाकणारा मी एकटाच उरलोय. आमच्या प्रीतमनं हैदराबादहून मला कानाचं मशीन आणून दिलं होतं. त्यातून पंख्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. देऊन टाकलं परत. तुझ्या घशाचं कसं आहे? अजून नळीच आहे का? डॉक्टरला विचारून घे, त्या नळीतून बिडी ओढता येते का ते. चिडू नकोस, तुला हसवायला लिहिलं.

आता कामाचं. माझ्या जीपवर चोराचा डोळा आहे.

काल सकाळी गाडी काढायला गेलो. चावी फिरवली तर इंजिन नुसतं घरघरलं, पकडेना. चोक ओढून पाहिला, पेट्रोल पाहिलं, बॅटरी पाहिली, सगळं ठाकठीक. शेवटी बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, तर आत रोटर नाही! जंगलात गाडी उभी करून पायी जायचं असलं की आपण तोच काढून खिशात घालायचो, आठवतं ना? अंगठ्याएवढी काळी चीज, पण ती नसली की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही आणि गाडी जागची हलत नाही. गाडी चोरापासून वाचवायची आपली युक्ती, आणि पठ्ठ्यानं तीच माझ्यावर चालवली. त्याचा डाव मी ओळखला. मालकाला गाडी हलवता येऊ नये, आणि मग संधी साधून आपण यायचं, रोटर बसवायचा आणि आरामात निघून जायचं.

दिवाळीच्या आधी रायपूरकडची दोन पोरं जीप पाहायला आली होती. असल्या जुन्या गाड्या घेतात, मोठे टायर लावतात, भडक रंग मारतात आणि हौस म्हणून चिखलात लोळवतात. मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. लिलावातून आणलेली ती जीप मी कशी उभी केली ते तुला माहीत आहे. आपण दोघांनी तिच्यात बसून बाळंतिणी आणल्या, साप चावलेले आणले, मास्तरांना शाळेत पोचवलं. ती काय चिखलात लोळवायला?

बंदोबस्त केलाय. पुढच्या चाकांच्या धुरीतून साखळी घालून कडुनिंबाला बांधली. स्टिअरिंग आणि ब्रेकची दांडी यांच्यात दुसरी साखळी, तिला मोठं कुलूप. खाट जीपशेजारी टाकून दिवसभर बसतो. राखी पाटीवर लिहिते, "बाबा, अंदर चला नं, थंडी लागन." मी म्हटलं, सूनबाई, तू तुझी अंगणवाडी सांभाळ.

वारासिवनीच्या भंगारवाल्यांकडे रोटर मिळतो का बघ. गाडी उभी राहिली तर माझं कशातच मन लागत नाही. घराच्या बाहेर काही कामच उरत नाही मला.

तुझा
पुनाराम

(याच पाकिटात)

आदरणीय काकाजी,
जय भीम.

बाबांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, त्यात हा कागद घालते आहे.

रोटर माझ्याकडे आहे. तुम्ही मागच्या पत्रात चित्र काढून दाखवलं होतं, तसाच काढला. बाबा अंघोळीला गेले होते. टोपी परत बसेना, तिसऱ्यांदा क्लिपा लागल्या. रोटर जवसाच्या डब्यात लपवला आहे.

मागे तुम्हाला थोडक्यातच लिहिलं होतं, सगळं लिहायची हिंमत झाली नाही. दसऱ्यानंतर ते खुशीला जीपने शाळेत सोडायला गेले. शाळा दोन गल्ल्यांवर आहे. दुपार झाली तरी परत आले नाहीत. शेवटी मोळ्या घेऊन येणाऱ्या बायकांनी सांगितलं, जंगलाच्या रस्त्याला नाल्यात जीप उभी आहे. मी शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर गेले. गाडीच्या अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं आणि बाबा खुशीला विचारत होते, "कोन्याची पोरगी होस तू? तुही माय कुठी गेली?" ती रडत म्हणत होती, "दादाजी, मैं खुशी हूँ, मैं खुशी हूँ." त्यांना ऐकू कुठे येतं!

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, गाडी बंद करा. हे सुट्टीवर आले तेव्हा ह्यांनी बाबांना पाटीवर लिहून सगळं दाखवलं. बाबांनी ताट फेकलं, मग पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून चावी मागायला उभे. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. काकाजी, रोज सांगायचं म्हणजे रोज त्यांना ते पहिल्यांदाच कळतं. हे हैदराबादला निघून गेले, रोज ते तोंड मलाच पाहावं लागलं. मला नाही जमलं. चावी लपवली तर वायर जोडून गाडी चालू करतात. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारलं होतं.

आता ते चोराची वाट बघत बाहेर बसतात, आणि मी चोर त्यांना चहा नेऊन देते.

तुमची
राखी

वारासिवनी
२२ नोव्हेंबर

प्रिय पुनाराम,
राम राम.

नळीतून बिडी ओढता येत नाही. तुझं पत्र यायच्या आधीच मी विचारून घेतलं होतं. डॉक्टर हसला नाही.

चोरीचं वाचून काळजी वाटली. चोर हुशार दिसतो. साखळी घातलीस ते उत्तम केलंस, कडुनिंब काही तो उपटून नेणार नाही. रोटरचं मी बघतो. इथल्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, पण तुझ्या जीपच्या वयाचा रोटर असा लगेच हाती लागायचा नाही. तू गोंदियाला कोणाला पाठवू नकोस. भलताच रोटर बसवलास तर टोपी फुटेल आणि ती तर कुठेच मिळणार नाही. जरा दम धर. गाडी उभी आहे तर उभी राहू दे, तिचं पण वय झालंय.

मला यायचं मनात फार आहे. पण मुलानं भाताच्या मिलच्या कोंड्यापासून लांब म्हणून मागच्या खोलीत ठेवलंय, आणि डॉक्टरनं धुळीच्या रस्त्याला जायची साफ बंदी केलीय. एकेकाळी आपण रस्ताच नसलेल्या ठिकाणी गाडी घालायचो, आणि आता मला पक्क्या सडकेची भीती घालतात.

थंडीत बाहेर बसू नकोस. ऐक माझं.

तुझा
भोजराज

(राखीला, अंगणवाडीच्या पत्त्यावर, त्याच दिवशी)

राखी बेटा,

पुनारामला लिहिताना तीन कागद फाडले. आयुष्यात त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो. आता बोलता येत नाही तर लिहून खोटं बोलतोय.

पण एक गोष्ट मला बरी वाटली. गाडी घरच्यांनी बंद केली म्हटलं की तो रडतो, आणि चोरानं बंद केली म्हटलं की चिडतो. चिडणं त्याला सोसतं, सवयीचं आहे. चोराला चेहरा नाही, तेव्हा कोणाचं काही बिघडत नाही. चालू दे असंच. रोटर डब्यातच ठेव.

काका

लांजी
११ डिसेंबर

प्रिय भोजराज,
सप्रेम जय भीम.

चोर सापडला. बसून वाच.

मी नीट विचार केला. रायपूरच्या त्या पोरांना टायर आणि रंग कळतो, रोटर कुठून कळणार? साधा चोर असता तर बॅटरी नेली असती, स्टेपनी नेली असती. टोपी काढून, रोटर उचलून, टोपी पुन्हा क्लिपा लावून जागेवर बसवणारा माणूस आपल्यातलाच असायला हवा. ही विद्या तीन माणसांना ठाऊक. एक मी. दुसरा तू, तो वारासिवनीला घशात नळी घालून पडलायस. तिसरा कोण?

तेजराम. ज्याला मी पाना धरायला शिकवलं, स्टँडवर दुकान टाकून दिलं, तो तेजराम. दिवाळीला ऑइल गळतं म्हणून त्यानंच बोनेट उघडलं होतं. तेव्हाच हेरून ठेवलं असणार.

काल स्टँडवर गेलो आणि चहाच्या टपरीसमोर, चार लोकांच्या देखत त्याला विचारलं, "काहून रे, माहा रोटर काहून नेला? मागतला असता त देल्लो नसतो का?" त्यानं तोंड हलवलं, हातवारे केले. मला ऐकून घ्यायचंच नव्हतं. खाली मान घालून उभा राहिला. खरा असता तर मान खाली गेली असती का?

शीलाला घरी येऊन सांगितलं. तीसुद्धा म्हणाली, या पोराला मी किती वेळा जेवू घातलं. मला चोरीचं इतकं नाही वाटत भोजराज. ज्याला हात धरून शिकवलं त्यानं हात मारला, याचं वाटतं. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू?

तुझा
पुनाराम

लांजी
१९ डिसेंबर

आदरणीय काकाजी,
जय भीम.

बाबांचं पत्र तुम्हाला मिळालंच असेल. सासूबाईंना सांगितलं असं त्यांनी लिहिलं असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. सासूबाईंना जाऊन चार वर्षं होत आली. ते फोटोसमोर बसून बोलतात आणि उत्तरसुद्धा ऐकतात. आमचं बोललेलं ऐकू येत नाही, त्यांचं येतं.

काल तेजरामभाऊ घरी आले. बाबा खाटेवर झोपले होते. भाऊंनी खिशातून कागदात गुंडाळलेली पुडी काढली. गोंदियाला जाऊन, दहा दुकानं पालथी घालून रोटर शोधून आणला होता. म्हणाले, "वहिनी, मी नाई चोरला. पन उस्तादाची गाडी चालू झाली म्हंजे त्यायचा राग जाईन. बसवून देतो."

मी जीपच्या आडवी उभी राहिले. मग सगळं सांगितलं. डबा आणून दाखवला. भाऊंनी डब्यातला रोटर उचलून पाहिला, परत ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तुमाले सुरुवातीपासून ठाऊक होतं. स्टँडवर माही इज्जत गेली तवाही ठाऊक होतं." मी म्हटलं, हौ. ते म्हणाले, "वहिनी, लोकं माह्याकडे गाडी टाकून घरी जात होते, चावी देऊन. आता समोर बसून राह्यतात. मी काही सामान काढून घेईन म्हनून. कोनाकोनाले सांगू?"

मी म्हटलं, मी स्टँडवर येऊन सांगते. पण गावाला सांगायचं म्हणजे बाबांना वेड लागलं असं सांगायचं. ह्यांना फोन केला तर हे म्हणतात, सांगू नको, उद्या पोरं दगड मारतील. भाऊ जाताना एवढंच म्हणाले, "उस्ताद फक्त भोजराज काकाचं मानतात. त्यायले म्हना, खरं काय ते लिहा."

भाऊंनी आणलेला रोटर मी ठेवून घेतला. आता डब्यात दोन आहेत. काकाजी, तुम्ही लिहा. मला दुसरं काही सुचत नाही.

तुमची
राखी

वारासिवनी
२६ डिसेंबर

प्रिय पुनाराम,

हे पत्र दिवसाउजेडी, पोटात अन्न गेल्यावर वाच. राखीला जवळ बसव.

रोटर तेजरामनं नेला नाही. तो मी काढायला लावला. वारासिवनीत बसून, चित्र काढून, राखीला शिकवलं, आणि तिनं माझ्या सांगण्यावरून काढला. त्या पोरीवर रागावू नकोस.

तुझी आठवण सुटत चाललीय पुनाराम. तू खुशीला घेऊन नाल्यात उभा होतास आणि तिला ओळखत नव्हतास. हे तुला आधी सांगून झालंय, तू विसरलास. शीला वहिनी गेल्या, आपण दोघांनी त्यांना खांदा दिला, हेही तू विसरतोस. हे लिहिताना मला तुझ्यासमोर असायला हवं होतं. तू मला दोन शिव्या दिल्या असत्या, मी ऐकल्या असत्या.

तू असा माणूस आहेस की घाटात ब्रेक गेला तरी गिअरवर गाडी उतरवून आणलीस आणि मागच्या लोकांना कळूही दिलं नाहीस. तुला गाडी चालवू नको म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणून चोर उभा केला. मला वाटलं, चोराला चेहरा नाही. तू त्याला तेजरामचा चेहरा लावलास. त्याची काही चूक नाही. तू त्याच्याकडे जा.

माझ्यावर राग असेल तर जरूर ठेव.

तुझा
भोजराज

लांजी
९ जानेवारी २०२५

प्रिय भोजराज,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा फाडावंसं वाटलं. दुसऱ्यांदा राखीला हाक मारली आणि पाटीवर लिहून विचारलं, हे खरं का? ती डबा घेऊन आली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं, ते तुझ्यासाठी. असं लिहायला तुला किती जड गेलं असेल.

आज डोकं साफ आहे. पहाटे विहार झाडून आलो, सगळ्यांची नावं आठवून पाहिली, आठवली. खुशीला जवळ घेतलं. त्या पोरीला मी विचारलं, तू कोणाची? यापेक्षा मेलेलं बरं.

मग तेजरामकडे गेलो. स्टँडवर, त्याच टपरीसमोर, हात जोडले. तो माझे हात धरून म्हणत होता, असं करू नका. ऐकू आलं नाही, पण तोंडावरून कळलं. आणि मी एक काम करून टाकलं. जीप त्याला देऊन टाकली. माझ्या डोळ्यांसमोर राहिली तर मी तिला हात लावणारच, आज ना उद्या वाट काढणारच. त्याच्याकडे चालती राहील, आजारी माणसांना उपयोगी पडेल. राखीनं पाटीवर लिहिलं, कागद करून घेऊ. मी म्हटलं, उस्तादानं चेल्याला गाडी दिली, त्याचा कागद कशाला? जबान दिली, झालं. मी स्वतः साखळ्या सोडल्या, त्यानं रोटर बसवला आणि गाडी घेऊन गेला. वळणावर हॉर्न वाजवला असेल, खुशीनं मला हातानं खूण करून सांगितलं.

आता अंगण मोकळं झालं. बरं वाटतंय आणि वाटतही नाही. तू माझ्याशी खोटं लिहिलंस, ते मी माफ केलं. मी विसरलो तर मला पुन्हा सांग.

तुझा
पुनाराम

लांजी
२० फेब्रुवारी

आदरणीय काकाजी,
जय भीम.

आमचं फार वाईट झालं.

महिनाभर बाबा शांत होते. परवा आठवडी बाजाराला निघाले आणि स्टँडवर तेजरामभाऊंच्या दुकानासमोर त्यांना जीप दिसली. ते ओरडायला लागले, "माही जीप! याच्याच दारात माही जीप! आधी रोटर नेला, आता गाडी आनली!" बाजाराचा दिवस, सगळी गर्दी जमली. भाऊ सांगत होते, तुम्हीच दिली, याच जागी हात जोडून दिली. टपरीवाला मध्ये पडला, पण बाबांना काही ऐकू जाईना, आणि गावोगावचे बाजाराचे लोक, त्यांना काय माहीत? त्यांना एक म्हातारा माणूस आपल्या गाडीला धरून रडताना दिसत होता. कोणीतरी भाऊंना दोन थपडा मारल्या.

हवालदार आला. गाडी कोणाच्या नावावर आहे, विचारलं. कागद बाबांच्याच नावावर. भाऊंकडे तर एक चिटोरंही नाही. मी धावत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की बाबांना विसरण्याचा आजार आहे. गर्दीतून एक बाई म्हणाली, "सुनेनं बुढ्याले पागल ठरवलं, गाडी वाटून खायची असन." 

हवालदार समजूतदार होता, त्यानं सध्या लिहून घेतलं नाही. म्हणाला, आपसात मिटवा, पण म्हातारा पुन्हा आला तर मला नाव लिहावं लागेल. आणि बाबा रोज जातो म्हणतात.

घरी तुमचं ते जुनं पत्र त्यांना दाखवलं. वाचलं, रडले, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. भाऊ म्हणतात, गाडी घेऊन जा, मले नको. पण अंगणात आणली तर बाबा चालवतील. आणि कुठे ठेवू, काकाजी?

तुमची
राखी

वारासिवनी
३ मार्च

पुनाराम,

जीपसाठी स्टँडवर जाऊ नकोस. ती तिथे नाही. माझ्याकडे आहे, मिलच्या मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.

तुझी जीप मी चोरली. रोटर पण मीच काढवून घेतला होता. मला ती जीप पहिल्यापासून हवी होती आणि तू दिली नसतीस. तेजरामला काही ठाऊक नाही. त्यानं गाडी वाटेत अडवून तुझ्यासाठी सांभाळून ठेवली होती, तिथून मी ती आणवली. तो चोर नाही. पोलिसात नाव द्यायचं तर माझं दे. गावात सांगायचं तर माझं सांग. टपरीसमोर उभा राहून सगळ्यांना सांग की वारासिवनीच्या भोजराजनं दोस्ताची गाडी चोरली.

मी गाडी परत देणार नाही.

भोजराज

(राखीला, त्याच दिवशी)

राखी बेटा,

मी निरोप धाडला तसा काल तेजराम गाडी इथे लावून बसनं परत गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. मला बोलता येत नाही आणि त्याला बोलायचं नव्हतं. 

पुनारामला लिहिलेलं पत्र त्याला दे. खरं त्याच्या डोक्यात टिकत नाही, पण कोणाचं नाव घेऊन चिडला की ते मात्र टिकतं, हे तू पाहिलंसच. तर ते नाव माझं असू दे. मी इथे लांब आहे, दारात येऊन मला कोणी थपडा मारणार नाही. तो जेव्हा जेव्हा जीप विचारेल तेव्हा हेच पत्र पुढे कर. त्याचा एकच दोस्त आहे, तोही गेला असं त्याला वाटेल. त्याला मी काय करू? तेजरामला तरी दुकान उघडून बसता येईल.

काका

लांजी
१४ मार्च

प्रिय भोजराज,

तुझं पत्र मिळालं. राखी हातात देऊन समोरच उभी राहिली. मी म्हटलं, कान गेले आहेत, डोळे अजून शाबूत आहेत.

दोन दिवस जेवण गेलं नाही. तू मागितली असतीस तर मी दिली नसती, असं तुला वाटलं तरी कसं? तुझ्यासाठी मी काय दिलं नसतं? पण मग मी विचार केला. तुझा आवाज गेला, मुलानं मागच्या खोलीत टाकलं, बाहेर निघायची बंदी. अशा वेळी माणसाला एखादी चीज आपली असावी वाटते. जीपमध्ये नुसतं बसून राहिलास तरी तुला जुने दिवस आठवतील. ठेव तुझ्याकडे. मी मागणार नाही.

पण पोलिसात तुझं नाव दे म्हणतोस, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझ्या मुलाची मिल आहे, घरात सुना-नातवंडं आहेत. या वयात भोजराज चोर निघाला असं चार लोकांत झालं तर तू तोंड कुठे लपवशील? बोलून बाजू मांडायला तुला आवाजसुद्धा नाही. मी तुझं पत्र लगेच चुलीत घातलं. राखी ते ओढायला धावली, रडायला लागली. मी तिला म्हटलं, बाई, ही दोस्तीची गोष्ट आहे, तुला नाही कळायची.

स्टँडवर जीप दिसेना म्हणून परवा हवालदार स्वतः घरी आला, राखी अंगणवाडीत होती. त्यानं पाटीवर लिहून विचारलं, जीप कोणी नेली? मी तेजरामचं नाव सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. आज राखीनं पाटीवर लिहिलं की तेजरामचं दुकान बंद आहे आणि बायकोपोरं घेऊन तो कुठे गेला कोणाला माहीत नाही.

तेव्हा तू आता घाबरू नकोस. मी जिवंत आहे तोवर तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही.

तुझा
पुनाराम